संगजिरे: दगड हातात असू द्या, पोटात नको

(माढा येथे प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत झालेल्या बोलण्याचा हा मजकूर आहे. ज्या मैत्रिणींना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवता यावा म्हणून तो इथे देत आहोत.)



मागच्या दोन-तीन बैठकांत तुमच्याकडून तीन प्रश्न आले. पहिला असा की, आम्ही धुण्याची पावडर करणार आहोत, व्यापारी म्हणतो त्यात सोपस्टोन पावडर घाला, घालावी का? दुसरा, प्रदर्शनात हल्ली दगडी भांडी महाग विकली जातात, आपल्या गटानं ती आणून विकावीत का? तिसरा प्रश्न चिठ्ठीवर आला, खाली नाव नव्हतं. "पाटीवरची पेन्सिल खायची सवय लागली आहे, सुटत नाही, काय करू?"

तीन प्रश्न तीन दिशांचे वाटतात. पण तिन्हींत दगड एकच आहे. त्याचं नाव संगजिरे. काही जण शंखजिरे म्हणतात, दुकानदार सोपस्टोन म्हणतात आणि पावडरच्या डब्यावर टाल्क असं लिहिलेलं असतं. आज या एका दगडाबद्दल बोलू. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईचं उत्तर शेवटी देते, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. तोवर उठून जाऊ नका.

हा दगड आहे तरी कसला?

आपल्याला माहीत असलेला दगड म्हणजे काळा दगड. जातं, पाटा-वरवंटा, उखळ, देवळाची पायरी, विहिरीची बांधणी, सगळं त्याचंच. लाव्हारस थंड होऊन तो तयार झाला. आपला सोलापूर जिल्हा त्याच खडकावर बसला आहे. हा दगड इतका कठीण की पिढ्यान् पिढ्या दळण दळलं तरी जातं झिजतं थोडंच. पाथरवटाला टाकी लावायला यावं लागतं, एवढंच.

संगजिरे याच्या अगदी उलट. हा इतका मऊ की नखानं ओरखडा उठतो. दगड-खनिजांचा कठीणपणा मोजायची एक दहा पायऱ्यांची पट्टी आहे, जर्मनीतल्या मोस नावाच्या शास्त्रज्ञानं १८१२ साली ठरवलेली. दहाव्या पायरीवर हिरा. पहिल्या, सगळ्यात खालच्या पायरीवर टाल्क. आपलं नख साधारण अडीचाव्या पायरीवर येतं. म्हणून नख जिंकतं आणि दगड हरतो.

हात लावला की साबणाच्या वडीसारखा बुळबुळीत लागतो, म्हणून इंग्रजांनी त्याला साबणाचा दगड असं नाव दिलं. नीट ध्यानात घ्या, त्यात साबण अजिबात नसतो. मग बुळबुळीत का लागतो? तेल लावलेल्या चपात्या एकावर एक ठेवल्या की वरची हलकेच सरकते ना, तशी याची आतली रचना आहे. बारीक बारीक पापुद्रे, एकमेकांना सैल धरलेले. बोट लावलं की पापुद्रे सरकतात. हा दगड मॅग्नेशियम, सिलिका आणि थोड्या पाण्याचा बनलेला असतो. त्यात कॅल्शियम नाही, लोह असलं तरी नावापुरतं. हे वाक्य पुढं आपल्या कामाला येणार आहे.

आपल्या काळ्या खडकात हा सापडत नाही. भारतात तो जास्त करून राजस्थानात आणि उत्तराखंडात निघतो. तिथून दगड किंवा पावडर होऊन आपल्या बाजारात येतो.

जसा गुण तसा उपयोग

याचे गुण मोजके आहेत, पाच बोटांवर मोजता येतील. मऊ आहे, कोरता येतो. बुळबुळीत आहे, चिकटू देत नाही. उष्णता धरून ठेवतो, लवकर गार होत नाही. वीज वाहू देत नाही. आणि पाचवा गुण असा की पाण्यात विरघळत नाही, चिंच-लिंबाच्या आंबटानंही त्याला काही होत नाही.

आता तुमच्या आजूबाजूला बघा. कुर्डुवाडीत किंवा टेंभुर्णीत फॅब्रिकेशनच्या दुकानात कारागीर लोखंडावर पांढऱ्या कांडीनं रेघ मारतो आणि मग वेल्डिंग करतो. ती कांडी संगजिऱ्याची. खडूची रेघ तापल्यावर जाईल, ही टिकते. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींचा कापडावर खुणा करायचा चपटा खडूही मूळचा याच दगडाचा, आता दुसऱ्या पदार्थांचेही मिळतात. सायकलच्या नव्या ट्यूबवर पांढरी पावडर असते, रबराला रबर चिकटू नये म्हणून. तेही टाल्कच. कागदात, रंगात, प्लॅस्टिकमध्ये, चिनी मातीच्या वस्तूंत आणि तोंडाला लावायच्या पावडरीतही हेच.

मऊ असल्यामुळे कोरीवकामाला तर हा फार जुना सोबती. चार हजार वर्षांमागे सिंधू संस्कृतीच्या लोकांनी बैलांची, हत्तींची चित्रं असलेले चौकोनी शिक्के केले. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. ते बहुतेक याच दगडाचे. आधी मऊ दगड कोरायचा आणि मग भट्टीत भाजायचा. भाजताना आतलं पाणी निघून जातं आणि दगड कठीण होतो. आपण मातीचं मडकं भाजतो, तसाच विचार. शेजारच्या कर्नाटकात बेलूरचं मंदिर आहे, बाराव्या शतकातलं. तिथल्या मूर्तींच्या अंगावरचे दागिने सोनारानं घडवल्यासारखे बारीक आहेत. ते जमलं, कारण दगड याच जातीचा, मऊ.

आणखी एक गोष्ट सांगते, तुम्हाला आवडेल. ब्राझील देशात रिओ शहराच्या डोंगरावर येशू ख्रिस्ताचा हात पसरलेला मोठा पुतळा आहे, १९३१ साली पूर्ण झालेला. आतून तो सिमेंट काँक्रीटचा, पण वरून त्याला संगजिऱ्याच्या छोट्या तिकोनी तुकड्यांची कातडी आहे. ते हजारो तुकडे कापडावर चिकटवायचं काम बायकांनी एकत्र बसून केलं. काहींनी तुकड्याच्या मागच्या बाजूला आपल्या माणसांची नावं लिहिली. ती नावं आज कुणाला दिसत नाहीत, पण तिथंच आहेत. आपण पापड लाटायला एकत्र बसतो ना, तसं ते बसणं झालं असणार.

सांगायचं हे की दगड वाईट नाही. दगड म्हणून वापरला तर तो शेकडो वर्षं साथ देतो. गडबड कुठं होते? त्याचं पीठ होतं आणि ते पीठ नजरेआड जातं, तिथं.

दगडी भांडी: विकायची का?

तामिळनाडूत या दगडाची भांडी पूर्वीपासून वापरतात, त्यांना कलचट्टी म्हणतात. आता ती आपल्याकडंही शहरात विकली जातात. लोणच्या-दह्याची दगडी आपल्या आज्यांच्या घरातही असायची, म्हणून कल्पना आपल्याला परकी नाही.

भांडं चांगलं आहे. चिंचेची आमटी, कढी, सार त्यात कळकत नाही. गॅस बंद केला तरी आमटी बराच वेळ उकळत राहते, म्हणून गॅस थोडा आधी बंद करता येतो. पण गटानं माल आणायच्या आधी चार गोष्टी तपासा.

पहिली, भांडं खरं आहे का. तळाला नखानं किंवा चाकूच्या टोकानं हलकेच ओरखडा काढा. पांढरी रेघ उठली आणि पूड बुळबुळीत लागली तर दगड खरा. वरून काळा रंग किंवा चकाकी लावलेली असेल तर ते भांडं स्वयंपाकाला घेऊ नका. ओल्या फडक्यानं घासून बघा, रंग फडक्याला येतो का.

दुसरी, नवं भांडं सरळ गॅसवर ठेवलं की तडकतं. आधी त्याला मुरवावं लागतं. एरंडेल आणि हळद आतून-बाहेरून चोळायची आणि ठेवून द्यायचं. दोन-तीन दिवस असं केलं की मग रोज ताजी भाताची पेज किंवा तांदळाचं धुवण त्यात भरून ठेवायचं, रोज ओतून धुवायचं. आठवडाभर असं केलं की मंद आचेवर नुसतं पाणी तापवून बघायचं. मग स्वयंपाक. तापलेल्या भांड्यात गार पाणी कधी ओतायचं नाही. घासताना तारेची घासणी नको, पुन्हा मऊ दगड आहे तो.

तिसरी, हे सगळं गिऱ्हाइकाला कागदावर लिहून द्या. नाहीतर आठवड्यात भांडं तडकतं, बाई परत येते आणि नाव तुमच्या गटाचं जातं.

चौथी, वजन आणि फूट. हे भांडं जड असतं आणि पडलं की फुटतंच. वाहतुकीत फुटलेल्याचं नुकसान कोण सोसणार, पुरवठादार की गट, हे माल घेण्याआधी ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहा. पहिल्यांदा पाच-सहा नग आणा. आपल्या घरात महिनाभर वापरा. मग पुढचं कर्ज काढायचं की नाही ते ठरवा.

धुण्याच्या पावडरीत दगड

आता पहिला प्रश्न. कपड्याचा मळ काढतो तो धुण्याचा सोडा आणि साबणाचं रसायन. संगजिऱ्याची पूड मळ काढत नाही. ती वजन वाढवते, पावडर मोकळी ठेवते. धुण्याच्या वडीला आकार यावा, ती पाण्यात भसकन विरघळू नये म्हणून अशी पूड थोडी घालावीच लागते. मोठे कारखानेही घालतात. त्यात लबाडी नाही.

लबाडी प्रमाणात आहे. समजा तुमच्या एक किलोच्या पिशवीत चारशे ग्रॅम दगडाची पूड आहे. गिऱ्हाईक किलोचे पैसे देते, धुणं सहाशे ग्रॅमनं होतं. बादलीच्या तळाला पांढरा गाळ बसतो, काळ्या कपड्यावर पांढरट पट्टे राहतात. एकदा घेते, दुसऱ्यांदा घेत नाही. व्यापारी तुम्हाला ही पूड घाला म्हणतो, कारण ती स्वस्त आहे आणि तुमचा नफा कागदावर मोठा दिसतो. पण आपलं गिऱ्हाईक म्हणजे आपलीच गल्ली. तिथं कागदावरचा नफा चालत नाही.

मी सांगेन की पावडरमध्ये घालू नका, वडीत गरजेपुरती घाला आणि वेष्टनावर काय घातलं ते लिहा. दुसऱ्याचा कच्चा माल घेताना एक चिमूट ग्लासभर पाण्यात ढवळा आणि अर्धा तास ठेवा. विरघळणारं विरघळेल, दगड तळाला बसेल. किती बसला ते तुमच्या डोळ्यांना दिसेल.

हिंगाच्या डबीत दगड

हीच ग्लासाची परीक्षा स्वयंपाकघरात चालवा. हिंगात संगजिऱ्याची पूड मिसळणं ही जुनी भेसळ आहे. आपले बरेच गट पापड, मेतकूट, मसाले करतात. हिंग सुटा आणि स्वस्त मिळाला की हात पुढं जातो.

चिमूटभर हिंग पाण्यात घालून हलवा आणि स्थिर होऊ द्या. बाजारात मिळतो तो बांधणी हिंग असतो, त्यात पीठ आणि डिंक असतातच, म्हणून पाणी थोडं गढूळ झालं तर घाबरू नका. तळाला खरखरीत माती किंवा पांढरा गाळ बसला तर मात्र तो हिंग परत करा. गुळाची पावडर आणि पिठी मीठ यांनाही हीच परीक्षा. गूळ-मीठ पूर्ण विरघळलं पाहिजे.

भेसळ दुसऱ्यानं केली तरी पापडाच्या पाकिटावर नाव आपलं असतं. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं विकणाऱ्यावरही जबाबदारी येते. म्हणून कच्च्या मालाची पावती जपून ठेवा. पावती न देणाऱ्याकडून अन्नाचा माल घ्यायचाच नाही, असा ठराव प्रत्येक गटानं करावा.

इथं कुणी विचारेल, डॉक्टरांच्या गोळ्यांवरही टाल्क लिहिलेलं असतं, त्याचं काय? असतं, पण ते औषधासाठी शुद्ध केलेलं आणि अगदी थोडं, गोळी साच्याला चिकटू नये एवढंच. बाजारातल्या पोत्यातली पूड आणि ते, दोन्ही एक नव्हेत.

छातीत जाणारी धूळ

मघाशी पाचवा गुण सांगितला, हा दगड विरघळत नाही. भांड्यात हा गुण चांगला. छातीत हाच गुण वाईट. श्वासातून बारीक पूड आत गेली तर ती विरघळत नाही, फुप्फुसात बसून राहते. वर्षानुवर्षं गेली तर फुप्फुस कडक होतं, दम लागतो. काही खाणींतल्या टाल्कमध्ये ॲस्बेस्टसचे धागे मिसळलेले असतात, ते त्याहून वाईट. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं टाल्कला माणसात कर्करोग होण्याची बरीच शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात टाकलं. रोज तोंडाला थोडी पावडर लावली की कर्करोग झाला, असा त्याचा अर्थ नाही. पण गरज नसताना वापरू नये, एवढा तरी अर्थ आहे.

घरात तीन ठिकाणी लक्ष द्या.

बाळाची पावडर. अंघोळ झाली की तान्ह्या बाळाला पांढरं करून टाकायची आपल्याकडं हौस असते. बाळाच्या तोंडाजवळ डबा झटकू नका. बाळाच्या बारीक श्वासनळीत पूड गेली तर श्वास अडकू शकतो. बाळाला पावडरची गरजच नसते. काखेत, मांडीच्या घडीत मऊ फडक्यानं कोरडं केलं की पुरे. पावडरचा डबा बाळाच्या हातात खेळायला तर कधीच देऊ नका. मोठ्या बायकांनीही लघवीच्या जागी पावडर लावायची सवय सोडावी.

शेतातली पावडर. डाळिंबाच्या, भाजीच्या मुळाला मर लागू नये म्हणून आपण ट्रायकोडर्मा वापरतो. पाकिटातली पांढरट पूड असते ती बहुतेक टाल्कच, आणि त्या पुडीत कामाची बुरशी जिवंत ठेवलेली असते. म्हणून दोन गोष्टी. एक, मुदतीची तारीख बघून घ्या. दगड कधी खराब होत नाही, पण बुरशी मरते. मुदत संपलेलं पाकीट म्हणजे विकत घेतलेली नुसती दगडाची पूड. उन्हात ठेवलेल्या पाकिटाचंही तेच. दोन, ती ओलसर कुजलेल्या शेणखतात मिसळा, तोंडाला रुमाल बांधा, वाऱ्याकडं पाठ करा. किती घालायची ते पाकिटावर असतं. शंका असेल तर मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात विचारा.

रांगोळी. दिवाळीच्या आधी काही गट रांगोळी आणून रंगवतात, पाकिटं भरतात. पांढरी पूड कुठं संगजिऱ्याची असते, कुठं संगमरवराची, कुठं गारेची. गारेची सगळ्यात वाईट. बंद खोलीत चाळू नका, अंगणात चाळा. नाकातोंडाला मास्क लावा. खोकला असलेल्या बाईला त्या कामावर बसवू नका, लेकरांना तर नाहीच.

ही भीती उगाच घालत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागात पाटीवरच्या पेन्सिली कापायचे कारखाने होते. तिथला दगड सिलिकाचा. कापताना उडणाऱ्या धुळीनं कितीतरी कामगारांना सिलिकोसिस झाला, म्हणजे फुप्फुस निकामी करणारा रोग, आणि ते भर वयात गेले. अखेर १९८२ साली तिथल्या सरकारला पेन्सिल कामगारांच्या कल्याणासाठी वेगळा कायदा करावा लागला. एक-दोन रुपयांच्या पेन्सिलीमागं एवढं सगळं आहे.

आता ती चिठ्ठी

"पेन्सिल खायची सवय सुटत नाही." ताई, तुम्ही कोण ते मला माहीत नाही आणि विचारणारही नाही. पण तुम्ही एकट्या नाही. घरात शाळेला जाणारं लेकरू नाही अन् तरी महिन्याला पेन्सिलीचा डबा जातो, अशी घरं गावोगाव आहेत. दुकानदाराला माहीत असतं, सासूला माहीत नसतं. कुणी पदराच्या गाठीत तुकडे ठेवते, कुणी चुलीची भाजकी माती खाते, कुणी पहिल्या पावसाच्या मातीच्या वासानं कासावीस होते, कुणी कच्चे तांदूळ चघळते. पोटुशी असली की सगळे हसून म्हणतात, डोहाळे आहेत. नसली की म्हणतात, वाईट खोड आहे.

दोन्ही खरं नाही. अशी ओढ लागणं ही बऱ्याचदा अंगात रक्त कमी असल्याची खूण असते. लोह कमी पडलं की काही जणींना माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटते. नेमकं का वाटतं, त्याचा सगळा उलगडा शास्त्रज्ञांना झालेला नाही. पण लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की ही ओढ पुष्कळ जणींची आपोआप कमी होते, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणजे ही खोड नाही, लक्षण आहे. खोकला आला म्हणून कुणाला आपण शिव्या देतो का?

आणि रक्त कमी असणं आपल्याकडं किती आहे? २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय निघाला. या सभागृहात शंभरजणी असतील तर हिशेब तुम्हीच करा.

आता पेन्सिल खाल्ल्यानं काय होतं? काही जणी म्हणतात, कॅल्शियम मिळतं. संगजिऱ्याच्या पेन्सिलीत कॅल्शियम नाही, हे मघाशी सांगितलं. पोटातल्या आम्लानंही ती विरघळत नाही. जशी जाते तशी बाहेर येते, जाता जाता पोट घट्ट करते, दात झिजवते. भूक मारते, म्हणून खरी भाकरी कमी खाल्ली जाते. मातीबरोबर जंतांची अंडी जातात, जंत रक्त पितात, रक्त आणखी कमी होतं, आणि ओढ आणखी वाढते. असं हे चक्र आहे. पेन्सिल दगडाची नसून चुन्याची असली, तरी त्यानं रक्त वाढत नाही.

मग करायचं काय?

आधी तपासणी. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन मोजून घ्या. आशाताईंना सांगितलं तर त्या सोबत येतील. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, किंवा गरोदर बाईचं ११ च्या खाली, तर रक्त कमी आहे असं समजतात. ७ च्या खाली गेलं तर तो धोका आहे, लगेच दवाखाना गाठायचा.

मग गोळी. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी गोळी शाळेत किंवा अंगणवाडीत मिळते. रक्त जास्तच कमी असेल तर डॉक्टर गोळ्या वाढवून देतात. गोळीनं शौच काळी होते, घाबरू नका, ते लोहच आहे. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्या. गोळीबरोबर चहा, दूध नको. कॅल्शियमची गोळी असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबू-पाण्याबरोबर घेतली तर लोह अंगी जास्त लागतं. आणि थोडं बरं वाटलं की गोळी सोडायची नाही. जंताची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या.

मग ताट. बाजरीची भाकरी, हुलगे, मटकी, हरभऱ्याची भाजी, अळीव, खारीक, परवडेल आणि चालत असेल तर अंडी-मटण. भाजी लोखंडी कढईत करा, वर लिंबू पिळा. जेवल्यावर लगेच चहा नको, तासभर थांबा. पण रक्त एकदा खाली गेलं की नुसत्या जेवणानं भरून येत नाही, गोळी लागतेच. शेंगदाणे-गूळ खाते म्हणून गोळी घेत नाही, असं म्हणू नका.

पाळी फार जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. भोक पडलेल्या हंड्यात किती पाणी ओतणार?

गोळ्या सुरू झाल्यावर ओढ लगेच जात नाही. काही आठवडे लागतात. तोवर तोंड चाळवायला भाजलेले फुटाणे, जवस, बडीशेप जवळ ठेवा. एखाद्या दिवशी पेन्सिल खाल्ली गेली तरी गोळी चुकवू नका.

गटानं काय करायचं

पुढच्या महिन्यात प्रत्येक गटानं चार कामं करावीत.

एक, आशाताईंना बोलावून सगळ्या सभासदांचं आणि त्यांच्या लेकी-सुनांचं हिमोग्लोबिन मोजून घ्यायचं. आकडा प्रत्येकीच्या स्वतःच्या कागदावर लिहायचा, सगळ्यांसमोर वाचायचा नाही.

दोन, ग्लासभर पाणी घेऊन बैठकीतच गटाचा हिंग आणि धुण्याची पावडर तपासायची. पाच मिनिटांचं काम आहे.

तीन, पूड चाळण्याचं काम करणाऱ्या प्रत्येकीला मास्क गटाच्या खर्चानं द्यायचा. तो खर्च मालाच्या किमतीत धरायचा.

चार, आणि हे सगळ्यात अवघड. शेजारची कुणी पेन्सिल खाताना दिसली तर हसायचं नाही, तिच्या सासूला सांगायचं नाही, तिच्या हातातून हिसकायची नाही. जवळ बसायचं आणि विचारायचं, "रक्त तपासलंस का गं?" आणि सोबत जायचं. बचतीचा हप्ता चुकला तर आपण तिच्या घरी जातो ना, तसंच.

ज्या ताईंनी चिठ्ठी लिहिली त्यांना एवढंच सांगते की उद्या सकाळी उपकेंद्र उघडं आहे.